पाण्यातली साय

मावशीचे हात बघितले तर कुणालाही वाटावं, ही बाई जन्मभर विटा वाहत आली असणार. बोटांच्या पेरांवर भेगा, तळव्याला खरखर, आणि थंडीत तर मनगटापर्यंत राख फासल्यासारखी पांढरी कातडी. पण काम विचाराल तर उलटंच. सगळ्या इस्पितळात तिच्याइतकं नाजूक काम दुसऱ्या कुणाचं नव्हतं. माणसाच्या मेंदूभोवती जे पाणी असतं ना, त्यातली चरबी मोजायची, हे मावशीचं काम.

पाणी म्हणजे दिसायला अगदी पाणीच. नितळ, नळीत धरलं तर नळी रिकामी वाटावी असं. मेंदू त्यात तरंगत असतो, झोपलेलं मूल मांडीवर असावं तसा. तेच पाणी पाठीच्या कण्यातून खाली कमरेपर्यंत उतरतं, म्हणून तिथं सुई घालून चमचाभर काढता येतं. त्यात चरबी ती कितीशी असणार? नाहीच म्हणायची. पण असते. आणि इतकी थोडी असते, की हाताला लावलेल्या क्रीमचं बोट चुकून नळीला लागलं तर सगळ्या मोजणीचा बट्ट्याबोळ. म्हणून चार वर्षं झाली, मावशीनं हाताला तेल म्हणू नका, क्रीम म्हणू नका, काही लावलं नव्हतं. हातमोजे होते, रोज नवे. पण हातमोज्यांवर तिचा विश्वास नव्हता.

"अगं, तू हातानंच कढई घासलीस तर घासणी लागायची नाही," सासूबाई म्हणायच्या. ऐंशी वर्षांची म्हातारी, गाल मात्र लोण्यासारखे.

"म्हणून तर तुम्ही मलाच घासायला देता."

"देते. पण माझी पाठ चेपायला येऊ नकोस बाई. सोलून निघेन."

मावशी मुळात इस्पितळातली नव्हेच. अकरा वर्षं तिनं डेअरीत काढली, दुधाची फॅट काढत. सकाळ-संध्याकाळ दूध यायचं, बाटल्यांतून नमुने यायचे, ती ते कोमट करायची, बाटल्या हळूच उलट्यासुलट्या करायची, मग औषध घालून चक्रात फिरवायची आणि नळीच्या मानेवर आकडा वाचायची. पुढं डेअरीला कुलूप लागलं. इस्पितळाच्या तपासणीखोलीत नळ्या धुवायला बाई हवी होती, तिथं ती लागली. धुता धुता शिकली, शिकता शिकता परीक्षा दिली, एकदा नापास झाली, पुन्हा दिली, आणि एक दिवस पांढरा कोट घालून टेबलापाशी बसली. लोकांनी मावशी म्हणायचं काही सोडलं नाही. ज्या नळ्या धुताना मावशी, त्याच नळ्या तपासताना मावशी.

त्या खोलीच्या प्रमुख डॉक्टर मावशीपेक्षा दहा वर्षांनी लहान, तरी त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. चार वर्षांपूर्वी कपाटाएवढं नवं मशीन आलं तेव्हा त्यांनी मावशीला बोलावलं.

"मावशी, चरबी मोजता येते ना तुम्हाला?"

"दुधातली येते."

"ही पाण्यातली आहे."

"दुधात पाणीच असतं, बाई. निदान आमच्या डेअरीत तरी होतं."

मोठ्या बाई हसल्या आणि मावशी मशीनवर बसली ती बसलीच.

हे सगळं कशासाठी, तेही सांगायला हवं. डोक्याचं ऑपरेशन झालं की चार-सहा दिवसांनी काही रोग्यांना ताप येतो, मान ताठते, झापड येते. आता हा ताप दोन तऱ्हांचा असू शकतो. एक म्हणजे आत जंतू शिरले. दुसरा म्हणजे ऑपरेशनात सांडलेलं रक्त त्या पाण्यात मिसळलं आणि मेंदूचं आवरण नुसतंच चिडलं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, जुळ्या बहिणींसारखे. पाण्यातल्या पेशी मोजा, दोन्हीकडं वाढलेल्या. जंतू उगवतात का बघायला ते पाणी बशीत घालून ठेवतात, तर त्याला दिवस लागतात. आणि रोग्याला आधीच जंतूंचं औषध सुरू असलं तर बशीत काही उगवतही नाही. औषधं मात्र दोन्हींची उलटी. जंतू असतील तर त्यांना मारायचं कडक औषध द्यायचं. नुसती चीड असेल तर सूज उतरवायचं औषध. ते शरीराच्या पहारेकऱ्यांना थोपटून झोपवतं. आत जंतू असताना पहारेकरी झोपवले, तर मग विचारायलाच नको.

तर मोठ्या बाईंच्या ध्यानात असं आलं होतं, की जंतू असले म्हणजे त्या पाण्यात तीन जातींच्या चरब्या वाढतात, आणि नुसती चीड असेल तर वाढत नाहीत. अजून सगळं पारखणं चाललेलं होतं, पक्कं कुणी म्हणत नव्हतं. पण बाकीच्या तपासण्या गप्प बसल्या की डोक्याचे सर्जन इकडं फोन करत. त्यांना सगळे कवटीवाले म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागं. ते फोनवर एवढंच विचारत, "मावशी, काय म्हणतंय पाणी?"

मशीन अठरा मिनिटं गुणगुणायचं आणि मग पडद्यावर एक सपाट रेघ चालू लागायची. चालता चालता मधेच ती उठायची, उतरायची. मावशी त्याला डोंगर म्हणायची. तीन डोंगर उंच उठले तर जंतू. नुसत्या टेकड्या असल्या तर चीड. दुपारच्या वेळी खोलीत उन्हाचा पट्टा टेबलावरून सरकत असायचा, मशीनची ऊब पाठीला लागायची, आणि ती रेघ बघता बघता मावशीला वाटायचं, आपण कुठल्या तरी लांबच्या मुलखात आगगाडीच्या खिडकीशी बसलोय आणि बाहेर कुणाच्या तरी डोक्यातले डोंगर मागं पडताहेत. कुणाचे, ते तिला ठाऊक नसायचं. नळीवर फक्त नंबर.

एकदाच ठाऊक झालं.

त्या सोमवारी नमुने आणणारा माणूस आजारी पडला, म्हणून बर्फाची पेटी घेऊन मावशी स्वतः वॉर्डात गेली. खाटेवर एक बाई कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन निजली होती. सुई नुकतीच काढलेली. खांदे रुंद, केस ऑपरेशनासाठी अर्धे उतरवलेले. पोरांना पोहायला शिकवणाऱ्या बाई होत्या त्या. तलावावरच त्यांची नोकरी. नऊ दिवसांपूर्वी कानामागची, कवटीच्या आतली गाठ काढली होती आणि सहाव्या दिवशी ताप चढला होता. हे सगळं मावशीनं विचारलं नव्हतं. खाटेशी बसलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीनं आपण होऊन सांगितलं. ती बोलल्याशिवाय श्वास घेत नव्हती.

तलावावरच्या बाईंनी डोळे न उघडताच विचारलं, "कसं आहे पाणी?"

मावशीनं नळी उजेडात धरली. "नितळ आहे."

"तळ दिसतोय?"

"दिसतोय."

"मग ठीक. पहिल्या दिवशी पोरांना मी हेच सांगते. तळ दिसतोय ना, मग घाबरायचं नाही." आणि त्या पुन्हा आत कुठंतरी बुडून गेल्या.

थोरली बहीण मावशीच्या मागोमाग दारापर्यंत आली. "अहो, दोनदा टोचून झालं तिला. पहिल्या वेळी तर तीनदा सुई घातली. पाण्यात सात हात खोल सूर मारणारी माझी बहीण सुई बघून लहान पोरीसारखी रडली. आता परत नाही ना टोचणार?"

"नाही टोचणार," मावशी म्हणाली.

आता हे सांगण्याचा अधिकार मावशीला कुणी दिला होता? कुणी नाही. पण समोरचं माणूस असं बघत असलं की तोंडातून निघून जातं.

खोलीत येऊन तिनं नळी पेटीतून काढली आणि उजेडात धरली. काचेच्या नळीला खाली केसाएवढी चीर गेली होती. बर्फाच्या पेटीत जिन्यावर कुठंतरी आपटली असणार. चिरेशी एक थेंब जमत होता. थेंब मोठा झाला, गळला, दुसरा जमू लागला. चमचाभर तर पाणी, त्यातलं हे असं चाललेलं. धुतलेल्या काचेच्या नळ्या दुसऱ्या टोकाला कपाटात, आणि कपाटाची किल्ली मोठ्या बाईंच्या टेबलात. हाताशी एक कोरी प्लास्टिकची नळी होती. मावशीनं सगळं पाणी तिच्यात ओतलं आणि झाकण लावलं. हुश्श केलं. वाचलं बाई, परत टोचायला नको.

मशीनची त्या दिवशी साफसफाई चालली होती, म्हणून नळी रात्रभर थंड कपाटात राहिली.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. नमुन्यांच्या वहीत एक रकाना होता, भांडं काचेचं की दुसरं. चार वर्षांत दुसरं कधी आलंच नव्हतं. म्हणून मावशी सकाळी आल्या आल्या दिवसभराच्या सगळ्या ओळींत 'काच' लिहून मोकळी व्हायची. मग नळ्या येत. तिच्या वहीत एकही खाडाखोड नव्हती आणि त्याचा तिला जरा तोरा होता. येणाजाणाऱ्याला दिसेल अशी वही उघडी ठेवायची. सोमवारच्या त्या ओळीतही सकाळीच 'काच' लिहिलेलं होतं. ते तसंच राहिलं. मावशीच्या ध्यानीमनी नाही.

मंगळवारी सकाळी मशीन गुणगुणलं. अठरा मिनिटांनी तीन टेकड्या आल्या. टेकड्याही कसल्या, वारुळं.

"काय म्हणतंय पाणी?" कवटीवाल्यांचा फोन.

"शांत आहे, डॉक्टर. डोंगर नाहीत."

"बशीतही काही उगवलेलं नाही. म्हणजे नुसती चीड. बरं झालं, त्या कडक औषधानं तिची मूत्रपिंडं थकत चालली होती. ते बंद करतो आणि चार वाजल्यापासून सूज उतरवायचं सुरू करतो." त्यांच्या आवाजात सुटका होती. मावशीलाही बरं वाटलं. डबा नेहमीपेक्षा चवीनं खाल्ला.

जेवणानंतर मशीनला पाठ टेकून ती बसली. उन्हाचा पट्टा नळ्यांच्या घोडीवर आला होता. मशीन गुणगुणत होतं. कधी डोळा लागला, तिला कळलं नाही.

ती डेअरीत होती. डेअरीतली मोठी टाकी होती तिथं आता तलाव होता, निळ्या फरशीचा, आणि त्यात पाण्याच्या जागी दूध. दुधात तलावावरच्या बाई पोहत होत्या, आवाज न करता, लांब लांब हात टाकत. प्रत्येक हाताबरोबर दूध पातळ होत होतं, पातळ होता होता पाणी झालं, आणि तळाच्या फरश्या दिसू लागल्या. मावशीला आनंद झाला. तळ दिसतोय! तेवढ्यात डेअरीतले भाऊ आले, तिला काम शिकवलेले, डोक्यावर तीच जुनी टोपी. त्यांनी तिच्या हातातली बाटली घेतली आणि उजेडात धरली. "ओतलंस होय?" "ओतलं, भाऊ." "मग साय कुठाय?" तिनं तलावात बघितलं. पाणी नुसतं नितळ. भाऊंनी बाटली तिरपी केली. "तिकडं काय बघतेस? इथं बघ." बाटलीच्या आतल्या अंगाला, मानेपासून बुडापर्यंत, साय चिकटून बसली होती, पांढरी, जाड, थरावर थर. "बाटली रात्रभर गार पडली की साय अंगाला धरते. सतरांदा सांगितलंय तुला. ओतणाऱ्याच्या हाती पाणी लागतं." आणि तलावाच्या मध्यभागी बाई पोहायच्या थांबल्या होत्या.

मावशी दचकून जागी झाली. दोन वाजून वीस मिनिटं. मशीन गुणगुणत होतं. घोडीत ती प्लास्टिकची नळी उभी होती. डेअरीतली सवय, तपासून झालं तरी आजची बाटली उद्यापर्यंत टाकायची नाही. नळीला काही चिकटलेलं दिसत नव्हतं. दिसणारही नव्हतं. पण काच आणि प्लास्टिकमधला फरक मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी समजावला होता. काचेला चरबी फारशी धरत नाही. प्लास्टिक तिला पोटाशी धरतं आणि सोडत नाही. म्हणून तर काच. म्हणून तर वहीत तो रकाना.

वही उघडीच होती. 'काच'. स्वच्छ, गोल अक्षरात. हे कुणाला कधी कळणार नव्हतं. खरं सांगायचं तर, गप्प बसावं असा विचार मावशीच्या मनात आला. आला आणि दोन श्वास थांबला. मग तिनं लाल पेन उचललं, 'काच' वर आडवी रेघ मारली, पुढं 'प्लास्टिक, मी ओतलं' असं लिहिलं आणि ती वही तशीच घेऊन मोठ्या बाईंच्या दारात उभी राहिली.

मोठ्या बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं, असं मावशीला वाटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नळी आहे?"

"आहे."

"चला."

दोघींनी मिळून त्या रिकाम्या नळीत स्पिरिटसारखं एक औषध घातलं, चरबी सोडवणारं. फिरवलं, थांबल्या, काढलं, मशीनला दिलं. अठरा मिनिटं दोघी पडद्यापुढं उभ्या. रेघ चालत आली. चालता चालता उठली. उठत गेली. पहिला डोंगर. मग दुसरा.

"होतं," मावशी पुटपुटली. "सगळं हिच्या पोटात होतं."

"सगळं की अर्धं, ते कोण सांगणार?" मोठ्या बाई म्हणाल्या. "किती सुटलं, किती चिकटून राहिलं, माहीत नाही. हा आकडा धरून औषध देता येणार नाही, मावशी. यावरून कळलं ते एवढंच, की सकाळचा आकडा खोटा. पाणी परत काढायला लागेल."

परत टोचायला लागेल. म्हणजे जे टाळायला म्हणून ओतलं, तेच.

कवटीवाले ऑपरेशनात होते. मोठ्या बाईंनी तिथं निरोप ठेवला, वॉर्डात फोन लावला, तर तो नुसता वाजत राहिला. चारला वीस मिनिटं कमी. "मी जाते," म्हणून मावशी वही काखेत मारून निघाली. लिफ्टची वाट बघण्यात अर्थ नव्हता. तीन मजले चढून ती वॉर्डात पोचली तेव्हा तिच्या छातीचा भाता झाला होता, आणि नर्सबाई खाटेशी उभ्या राहून इंजेक्शनातली हवा काढत होत्या.

"थांबा! देऊ नका ते."

"मावशी, लेखी आदेश आहे डॉक्टरांचा."

"माझ्या आकड्यावरनं लिहिलाय त्यांनी. आकडा चुकलाय माझा."

नर्सबाईंनी इंजेक्शन खाली ठेवलं. पण थोरली बहीण उठून उभी राहिली होती. "चुकलाय म्हणजे?"

मावशीनं सगळं सांगितलं. चीर, थेंब, प्लास्टिक. स्वप्न तेवढं सांगितलं नाही.

"म्हणजे परत टोचणार."

"हो."

"तुम्ही म्हणाला होतात, नाही टोचणार म्हणून! इथं, या दारात उभ्या राहून!"

"म्हणाले होते. ते पाळायला गेले आणि तिथंच चुकले."

"वा! म्हणजे आमच्यावर उपकार करायला गेलात तर!" तिचा आवाज चढला, मग एकदम फाटला. "अहो, तुमच्या एका नळीपायी माझी बहीण गेली असती."

मावशी खाली मान घालून उभी राहिली, हात कोटाच्या खिशात.

कवटीवाले आले ते हिरव्या टोपीतच. निरोप मिळाला होता. वही त्यांनी तिथंच उघडली, लाल रेघ बघितली. बराच वेळ बघितली.

"मावशी, हे साडेचारला सुचलं असतं तर?"

"तेच मनात येतंय, डॉक्टर. जिना चढताना तेच येत होतं."

"हं." त्यांनी वही मिटली. "चला, पाणी काढू. जंतूंचं औषध परत सुरू करा तोवर. आणि काचेच्या नळ्या आणा. दोन आणा."

तलावावरच्या बाईंना कुशीवर वळवलं तेव्हा त्या थोड्या वर आल्या. वर म्हणजे जागेपणाच्या काठाशी. "कोण आहे?"

"मी. पाणी बघणारी."

"काय झालं?"

"काल मला तळ नीट दिसला नाही, बाई. वरवर बघितलं मी. परत बघायला लागेल."

बाई म्हणाल्या, "मग बघा. खात्री नसेल तर पोरांना पाण्यात सोडायचं नाही." आणि त्यांनी हात पुढं केला, कुणीतरी धरावा म्हणून. थोरली बहीण रागानं खिडकीकडं तोंड करून उभी होती. मावशीनं खिशातला हात काढला. द्यावा की नाही, असं तिला झालं. पण बाईंनी तो धरला आणि घट्ट धरला. सुई शिरली तसा आणखी घट्ट.

"केवढा खरखरीत हात," त्या डोळे मिटून म्हणाल्या.

"सासूबाई म्हणतात, घासणी आहे म्हणून."

"छे. तलावाच्या काठासारखा आहे. काठ खरखरीतच लागतो. गुळगुळीत काठावरनं पोरांचे हात सुटतात."

मावशीच्या डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं. नळ्या हातात घेताना तिनं त्या दहादा उजेडात फिरवून बघितल्या, चीर नाही ना म्हणून.

जिना उतरतानाचं तिला पुढं कायम आठवत राहिलं. बर्फाची पेटी पोटाशी धरलेली, जशी बाळंतिणीनं पोर धरावं. पायरीगणिक थांबायचं. जिन्याच्या उंच खिडकीतून संध्याकाळचं ऊन येत होतं, आणि माणसं वरखाली जात होती ती पाण्याखालून चालल्यासारखी, हळू, आवाज न करता. तिला वाटलं, सगळं इस्पितळच कुणाच्या तरी डोक्यात आहे आणि आपण त्यातल्या पाण्यातून एक थेंब घेऊन उतरतोय.

थेट काचेतून काचेत. कुणाशी बोलली नाही. फिरवणं, औषध, पुन्हा फिरवणं, वाफ उडवणं. साडेसहाला नमुना मशीनमध्ये गेला. कवटीवाले खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मोठ्या बाई बसल्या नाहीत. अठरा मिनिटं.

पहिला डोंगर उठला तो पडद्याच्या माथ्याला टेकला. दुसरा त्याच्याएवढाच. तिसऱ्याला जरा वेळ लागला, तेवढ्यात मावशीनं डोळे मिटून घेतले होते.

"जंतू," मोठ्या बाई म्हणाल्या.

कवटीवाले दाराशी पोचले होते. "औषध बदलतो. जास्त आत पोचणारं देतो, मूत्रपिंडं सांभाळून." मग दारातून वळून म्हणाले, "मावशी, उद्या जरा लवकर या. रोज लागणार आहे पाणी."

दोन दिवसांनी जंतूंच्या बशीतसुद्धा एक फिकट ठिपका उगवला. उशिरा आला, पण आला. पाण्याचंच म्हणणं खरं होतं.

पुढं सव्वीस दिवस डोंगर उतरत राहिले. पाचव्या दिवशी तिसरा बसला. बाराव्या दिवशी बाईंनी बहिणीला, जरा गप्प बस म्हणून सांगितलं, तेव्हा वॉर्डात सगळ्यांनी ओळखलं की आता या वाचल्या.

मावशीला लेखी खुलासा द्यावा लागला. महिनाभर तिच्या प्रत्येक ओळीवर मोठ्या बाईंची सही लागायची. नळी हातात आल्याशिवाय 'काच' लिहायचं नाही, असा कागद भिंतीला चिकटला, तोही मावशीच्याच अक्षरात. वही मात्र ती अजून उघडी ठेवते. फक्त आता ते लाल रेघेचं पान वर असतं. कुणी नव्यानं कामाला लागलं की आधी ते दाखवते.

"मिरवायला हीच बरी सापडली तुला," सासूबाई म्हणाल्या.

"बाकी होतं काय मिरवण्यासारखं?"

म्हातारीनं नुसती पाठ पुढं केली. "चेप जरा. हळू चेप पण."

दोन महिन्यांनी थोरली बहीण इस्पितळाच्या दाराशी उभी होती. मावशीला धडकीच भरली. "चला," ती म्हणाली. "तिनं बोलावलंय. आणि माझं त्या दिवशीचं बोलणं मनात धरू नका. धरलंत तरी माझी हरकत नाही, मी मनापासूनच बोलले होते."

"मीही मनापासूनच ऐकलं," मावशी म्हणाली.

तलाव सकाळच्या शिकवणीनंतर रिकामा झाला होता. बाईंच्या डाव्या कानाला आता ऐकू येत नव्हतं, चालताना एका बाजूला कलत होत्या. पाण्यात उतरल्या आणि कलणं गेलं. मावशी साडी खोचून पायरीवर बसली, गुडघ्यापर्यंत पाय सोडून.

"उतरा ना. कंबरभरच आहे."

"मला पोहता येत नाही."

"पोहायचं नाहीच आहे. नुसतं पडायचं."

कशी उतरली ते तिचं तिलाच कळलं नाही. काठ धरून, पायरीपायरीनं, साडी फुगून वर येतेय, ती दाबते तर दुसरीकडून वर येतेय, आणि काठावर थोरली बहीण हसून हसून बेजार. "आडव्या व्हा," बाई म्हणाल्या. "डोकं माझ्या हातावर टाका. मान सोडा. मावशी, मान सोडा हो, मी कुठं जात नाही."

मावशीनं मान सोडली. कान पाण्याखाली गेले आणि सगळे आवाज बंद झाले. डोक्याखाली तेवढा एक तळवा होता, पोहून पोहून सुरकुतलेला, ओला. वर आभाळ. पाठीखाली तळ होता का, होता असणार, तिनं बघितलं नाही. पाण्याच्या आतून तिला स्वतःचं गुणगुणणं ऐकू येत होतं, मशीनसारखं, आणि डोक्याच्या आतल्या पाण्यात तिचा मेंदू तरंगत होता, आणि बाहेरच्या पाण्यात डोकं. तिला वाटलं, भाऊ आता येतील आणि विचारतील, साय कुठाय?

बाईंनी हात कधी काढून घेतला, तिला कळलं नाही. कळलं तेव्हा ती घाबरली आणि बुडाली, आणि नाकातोंडात पाणी जाऊन वर आली ती थेट काठालाच हात घालून. काठ खरखरीत होता. हात सुटला नाही.

निघताना बाईंनी तिच्या हातात हाताला लावायच्या क्रीमची डबी ठेवली. "तुमच्या भेगांना."

"मला चालत नाही हो. कामात."

"सुट्टीच्या दिवशी लावा."

मावशीनं ती घेतली. ती डबी अजून कपाटात आहे, झाकणाला लावलेली पट्टीसुद्धा काढलेली नाही. सासूबाईंचा तिच्यावर डोळा आहे. पण मावशी म्हणते, नोकरी संपेल त्या दिवशी उघडेन, आणि पहिलं बोट तुमच्या पाठीला लावेन.

"तोवर मी राहते होय," सासूबाई म्हणतात, आणि पाठ पुढं करतात.